बुबुळ बसवल्यावर रिजेक्शन होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: वडील साठीच्या पुढचे, सांगलीकडे ऊसशेती, उसाचं पान डोळ्याला लागून बुरशीचा अल्सर झाला, तो बरा झाला पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं, आणि पाच महिन्यांपूर्वी दात्याचं बुबुळ बसवलं. आता डोळा लाल नाही, दुखत नाही, दिसायला लागलंय, मग स्टेरॉइडचे थेंब बंद करायचे का, कारण ओळखीतलं कुणी म्हणालं की त्याने काचबिंदू होतो. शिवाय किडनीला करतात तसं मॅचिंग का केलं नाही. आणि धाकट्या भावाला केराटोकोनस (बुबुळ पातळ होत शंकूसारखं पुढे येणं) आहे, त्यालाही ऑपरेशन सांगितलंय, त्याचं काय.

पहिलं उत्तर आधी देऊन टाकतो. थेंब स्वतःहून बंद करू नका, डोळा कितीही छान दिसत असला तरी. मी इतकी वर्षं कॉर्नियाचंच, म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक काचेचंच, काम करतोय आणि माझ्याकडे रिजेक्शन घेऊन येणाऱ्यांत हा गट कायम मोठा असतो, चौथ्या-पाचव्या महिन्यात "आता बरं वाटतंय की" म्हणून थेंब सोडलेले. अहो, बरं वाटतंय ते त्या थेंबांमुळेच ना. रिजेक्शनचा धोका पहिल्या वर्ष-दीड वर्षात सगळ्यात जास्त असतो आणि तुमचे वडील त्याच्या ऐन मध्यावर आहेत.

आता हे रिजेक्शन म्हणजे नक्की काय होतं ते समजलं की बाकीचं आपोआप समजेल. शरीरात दुसऱ्याचा अवयव घातला की शरीर त्याला परका म्हणून ओळखतं आणि पांढऱ्या पेशी हल्ला करतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कॉर्नियाला इथे एक सवलत आहे. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, लसीकावाहिन्याही (प्रतिकारशक्तीच्या पेशींची ने-आण करणाऱ्या नळ्या) नसतात, त्यामुळे परक्या पेशींची खबर शरीरापर्यंत पोचायला आणि हल्लेखोर पेशी आत यायला नीट रस्ताच नसतो. त्यातून बुबुळामागे जे पाणी असतं त्यात प्रतिकारशक्तीला शांत करणारी द्रव्यं असतात. पीटर मेडावर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात डोळ्याची ही खास सवलत नीट मांडली. म्हणूनच १९०५ साली, जेव्हा स्टेरॉइड नावाची गोष्टच नव्हती, तेव्हा आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सला एडुआर्ड झिर्म नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुराला अकरा वर्षांच्या मुलाचं बुबुळ बसवलं आणि दोनपैकी एक डोळा साफ राहिला. चुन्याने भाजलेला डोळा म्हणजे आजही आम्ही ज्याला हात लावताना दहा वेळा विचार करतो असा डोळा, त्यामुळे झिर्मच्या त्या केसमध्ये नशिबाचाही बराच वाटा होता असं मला नेहमी वाटतं.

ही सवलत कायमची नसते हे मात्र पेशंटला कुणी सांगत नाही. अल्सर झाला, भाजलं, हर्पीस होऊन गेला, टाका सैल होऊन महिनाभर टोचत राहिला, की बाहेरच्या कडेवरून बारीक रक्तवाहिन्या कॉर्नियात शिरतात आणि त्यांच्यासोबत डोळ्याला न दिसणाऱ्या लसीकावाहिन्याही. एकदा रस्ता झाला की सवलत संपली. बुबुळाच्या चार चतुर्थांशांपैकी दोन किंवा जास्त भागांत खोलवर वाहिन्या असतील तर आम्ही तो डोळा हाय रिस्क म्हणतो. वडिलांच्या डिस्चार्ज कार्डवर 'व्हॅस्क्युलराइज्ड स्कार' (रक्तवाहिन्या शिरलेला चट्टा) असं काही लिहिलंय का बघा, बुरशीच्या अल्सरनंतर बऱ्याचदा असतं. आधी एक कलम, म्हणजे बसवलेलं बुबुळ, फेल जाऊन हे दुसरं असेल, कलम नेहमीपेक्षा मोठं किंवा कडेच्या जवळ बसवलेलं असेल, डोळ्यात आधीपासून काचबिंदू असेल, पेशंट लहान मूल असेल, तरी धोका वाढतो.

आपल्याकडे ही भानगड जास्त आहे, कारण परदेशातल्या आकड्यांत केराटोकोनस आणि फुक्स डिस्ट्रॉफीसारखे (ह्यात आतल्या थराच्या पेशी हळूहळू कमी होतात) शांत डोळे जास्त असतात आणि आपल्याकडे शेतातली इजा, अल्सरचे चट्टे, मुलांच्या डोळ्यात फुटलेली चुन्याची पुडी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी १९९७ साली त्यांच्याकडच्या पेशंटचे आकडे छापले होते, पूर्ण जाडीचं पहिलं कलम एका वर्षानंतर साधारण ८० टक्के डोळ्यांत साफ, पण पाच वर्षांनंतर ४६.५ टक्क्यांतच. त्यात सगळी रिजेक्शनच होती असं नाही, इन्फेक्शनही होती, काचबिंदूही होता. तंत्र तेव्हापासून खूप पुढे गेलंय, पण वर्षभर साफ राहिलं म्हणजे जिंकलो असं समजायचं नाही, हे त्यावरून कळतं.

मॅचिंगचं म्हणाल तर त्याचा अभ्यास झालेला आहे. १९९२ साली अमेरिकेत हाय रिस्क डोळ्यांवर मोठा अभ्यास झाला, त्यात एचएलए (पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, किडनीला जुळवतात त्या) जुळवून काही फायदा दिसला नाही, रक्तगट जुळला तर थोडा फायदा होत असावा असं दिसलं, आणि सगळ्यात ठळक निघालं ते हे की स्टेरॉइडचे भरपूर थेंब आणि जवळचा फॉलोअप असेल तर असे डोळेसुद्धा अपेक्षेपेक्षा चांगले टिकतात. म्हणून आपल्याकडे आयबँक दात्याचं बुबुळ देते ते पेशींची संख्या, पारदर्शकता आणि इन्फेक्शनच्या रक्ततपासण्या बघून. तुमच्या डॉक्टरांनी मॅचिंग केलं नाही म्हणजे काही राहून गेलं, असं मनात आणू नका.

खरं तर रिजेक्शन टाळायचं निम्मं काम ऑपरेशनच्या आधी होतं. कॉर्नियाचा कुठला थर बदलायचा हा पहिला निर्णय. रिजेक्शनमध्ये खरं नुकसान होतं ते सगळ्यात आतल्या एंडोथेलियमच्या पेशींचं, ह्या पेशी कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसत असतात आणि माणसात मेल्या की परत तयार होत नाहीत. मग आतला थर चांगला असेल तर तो काढायचाच कशाला? पुढचे थर बदलायचे आणि आतला पेशंटचा स्वतःचाच ठेवायचा, ह्याला डाल्क म्हणतात. हवेचा बुडबुडा सोडून थर वेगळे करायची अन्वर नावाच्या सर्जनची पद्धत २००२ साली आली आणि तिथून डाल्क रोजच्या कामात बसलं. आतला थर स्वतःचा असल्यामुळे एंडोथेलियल रिजेक्शनचा प्रश्नच येत नाही, पुढच्या थरात रिजेक्शन होऊ शकतं पण ते थेंबांनी बहुतेक आटोक्यात येतं. उलट फक्त आतला थर खराब असेल, जसं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बुबुळ सुजून राहतं, तर आतला पातळ पडदाच बदलायचा, त्याला डीसेक किंवा, त्याहून पातळ पडदा असेल तर, डीमेक म्हणतात. डीमेक नेदरलँड्सच्या गेरिट मेलेसने २००६ साली मांडलं, आणि नंतर अमेरिकेतल्या एका मोठ्या तुलनेत त्यात रिजेक्शनचा धोका डीसेकपेक्षा साधारण पंधरा पट आणि पूर्ण जाडीच्या कलमापेक्षा वीस पट कमी निघाला. इतका मोठा फरक आम्हाला औषधांनी कधीच मिळालेला नाही. वडिलांना पूर्ण जाडीचंच का केलं असेल, तर बुरशीचा चट्टा खोलवर गेलेला असेल, तिथे दुसरा मार्ग फारसा नसतो.

ऑपरेशनच्या आधीच डोळ्याचा पृष्ठभाग शांत करणं हे दुसरं काम. पापण्यांच्या कडांची सूज, अ‍ॅलर्जी, कोरडेपणा, आत वळलेली पापणी, हे सगळं आधी निस्तरायचं. लाल डोळ्यावर कलम बसवणं म्हणजे पेटत्या चुलीवर लोणी ठेवणं, कितीही चांगला हात असू दे. रक्तवाहिन्या दिसत असतील तर बारीक सुईने त्या जाळता येतात, बेव्हासिझुमॅबचं इंजेक्शन बुबुळाच्या कडेला देता येतं, त्याने ताज्या वाहिन्या बऱ्यापैकी मागे हटतात, जुन्या जाड वाहिन्या मात्र फारशा दाद देत नाहीत. आणि जुना हर्पीस असेल तर तोंडाने असायक्लोव्हिर, नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम दोनदा, ऑपरेशननंतर निदान वर्षभर. ह्या गोळ्या अर्ध्यात बंद करणं हेही थेंब सोडण्याइतकंच महागात पडतं, कारण हर्पीस परत उठला की त्याच्या मागोमाग रिजेक्शन येतं आणि सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात.

आता थेंब. पूर्ण जाडीच्या कलमानंतर आपल्याकडे बहुतेक जण प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का देतात, सुरुवातीला दिवसातून सहा-आठ वेळा, मग दर महिन्या-दोन महिन्यांनी एकेक वेळ कमी करत वर्षभर, आणि बऱ्याच डोळ्यांत, विशेषतः हाय रिस्क असेल तर, दिवसातून एक थेंब त्यापुढेही वर्षानुवर्षं. बुरशीचा इतिहास असेल तर सुरुवात जपून करतात, कारण स्टेरॉइडने लपून बसलेली बुरशी परत उठू शकते, म्हणून वडिलांचा चार्ट शेजारच्या पेशंटपेक्षा वेगळा असेल तर घाबरू नका, तुमच्या सर्जनने दिलेला चार्टच पाळा, माझाही नाही.

आणि एक अगदी साधी गोष्ट, जी ओपीडीत मी रोज बघतो. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट हे पाण्यात विरघळलेलं औषध नसतं, त्याची पांढरी पावडर पाण्यात तरंगत असते आणि बाटली उभी ठेवली की तळाला बसते. एका आजींचं कलम पुन्हापुन्हा सुजत होतं, थेंब अगदी वेळेवर, सुनेने मोबाइलला अलार्म लावलेले, मला काही कळेना. शेवटी मी बाटली मागितली, पिशवीतून काढली, उजेडात धरली तर तळाला पांढऱ्या चुन्यासारखा थर. "आजी, हलवून टाकता का?" तर म्हणाल्या, "हलवायचं कशाला, सांडंल की!" म्हणजे त्या बिचाऱ्या कितीतरी दिवस जवळजवळ नुसतं पाणीच डोळ्यात घालत होत्या. तेव्हा प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवा, खालची पापणी ओढून एकच थेंब आत टाका, डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा, दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटली उघडल्यावर महिन्याने फेकायची, थोडं उरलंय म्हणून ठेवायची नाही. केमिस्टने "हेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरं काही दिलं तर बाटलीचा फोटो डॉक्टरांना पाठवून विचारा, कारण फ्लुरोमिथोलोन, लोटेप्रेडनॉल हीपण स्टेरॉइडच आहेत पण ताकद वेगळी.

काचबिंदूची भीती खोटी नाही. स्टेरॉइडच्या थेंबांनी साधारण तिघांत एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं, काहींचं खूप वाढतं, आणि मोतीबिंदूही लवकर येतो. म्हणून दर व्हिजिटला प्रेशर बघायचं, तीन-चार महिने न दाखवता तेच थेंब टाकत बसायचं नाही. प्रेशर वाढलं तर प्रेशरचे थेंब जोडता येतात, किंवा लोटेप्रेडनॉलसारखं सौम्य स्टेरॉइड देता येतं, किंवा टॅक्रोलिमसचं मलम अथवा सायक्लोस्पोरिनचे थेंब आणून स्टेरॉइड कमी करता येतं. ह्या दोघांनी प्रेशर वाढत नाही, पण ऐन रिजेक्शनमध्ये एकट्यांच्या जिवावर भागत नाही आणि टॅक्रोलिमस सुरुवातीला चांगलंच चुरचुरतं. मार्ग बरेच आहेत, फक्त निवड डॉक्टरने करायची, पेशंटने एका रात्रीत बाटली बंद करून नाही. अचानक थांबवणं हे हळूहळू कमी करण्यापेक्षा कितीतरी वाईट.

टाक्यांबद्दल लोक बेफिकीर असतात. बुबुळाला केसापेक्षा बारीक नायलॉनचे टाके असतात, सुटे घातले तर बहुतेक सोळा, आणि ते वर्ष-दीड वर्षं राहतात. जखम भरत आली की एखादा टाका सैल पडतो, तुटतो, त्याला चिकट घाण धरते, आणि तिथून इन्फेक्शन, तिथूनच रक्तवाहिनी आणि तिथूनच रिजेक्शन. डोळ्यात काहीतरी खुपतंय, कुसळ गेल्यासारखं वाटतंय, तर दोन दिवस गुलाबपाणी टाकून बघू असं करू नका, त्याच दिवशी दाखवा. सैल टाका काढायला दोन मिनिटं लागतात. काढल्यावर आम्ही काही दिवस अँटिबायोटिक देतो आणि बरेचदा स्टेरॉइडही थोडं वाढवतो, कारण टाका काढणं हीसुद्धा डोळ्याला एक चिथावणीच असते. तेव्हा "टाके काढले, सुटलो" म्हणून त्या आठवड्यात गावाला निघून जायचं नाही.

घरी लक्ष कशावर ठेवायचं तर चारच गोष्टी: डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं, दुखणं. चारही एकदम येतील असं नाही, कित्येकदा फक्त सकाळी उठल्यावर धुरकट दिसतं आणि दुपारपर्यंत बरं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. मी पेशंटना एक सवय लावतो, रोज सकाळी दुसरा डोळा हाताने झाकून भिंतीवरचं एकच कॅलेंडर बघायचं, त्याच खुर्चीतून, त्याच उजेडात. कालच्या तारखा आज पुसट वाटल्या तर फोन करायचा. स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायची दुर्बीण) आम्ही बघतो ते म्हणजे कलमाच्या आतल्या बाजूला चिकटलेले बारीक ठिपके, कधी त्यांची एक रेषाच असते, खोदादूस्त नावाच्या इराणी डॉक्टरच्या नावाने ओळखतात, ती कडेकडून मध्याकडे सरकत जाते आणि तिच्या मागचं कलम सुजलेलं, पुढचं अजून काचेसारखं साफ. रेषा कडेला असताना पेशंट आला तर बऱ्याच पेशी वाचतात, पार पलीकडे पोचल्यावर आला तर वाचवायला फारसं काही उरत नाही.

रिजेक्शन झालं म्हणजे कलम गेलंच असं मात्र नाही. लवकर पकडलं तर निम्म्याहून जास्त वेळा ते परतवता येतं. जागेपणी दर तासाला स्टेरॉइडचा थेंब, गरज वाटली तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, मग आठवड्यांच्या हिशोबाने कमी करत आणणं. पण प्रत्येक झटक्यात काही पेशी कायमच्या जातात, म्हणून दोन-तीन झटके परतवलेलं कलमसुद्धा नंतर शांतपणे थकून जाऊ शकतं. तेव्हा सोमवारी अपॉइंटमेंट आहे, तोवर थांबू, हा विचार शुक्रवारी संध्याकाळी करायचा नाही. थेट इमर्जन्सीत जा आणि तिथल्या ज्युनियर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की ह्या डोळ्यात कॉर्नियाचं कलम आहे, नाहीतर डोळे आल्याची औषधं देऊन परत पाठवतात.

फार हाय रिस्क डोळ्यांत तोंडाने मायकोफेनोलेट किंवा टॅक्रोलिमस द्यावं लागतं, किडनीच्या पेशंटना देतात तीच औषधं. मी ती सरसकट देत नाही. एकच डोळा उरलाय, आधी दोन कलमं गेलीत, अशा ठिकाणी देतो, तेही फिजिशियनला बरोबर घेऊन. आपल्याकडे आधी टीबी आणि कावीळ बी तपासल्याशिवाय ती सुरू करणं धोक्याचं, मध्ये मध्ये रक्ततपासण्या लागतात, आणि मायकोफेनोलेट गरोदरपणात अजिबात चालत नाही. चुन्याने किंवा अ‍ॅसिडने भाजलेल्या डोळ्यात तर आधी बुबुळाच्या कडेच्या स्टेम सेल्स (पृष्ठभाग नव्याने तयार करणाऱ्या मूळ पेशी) परत लावाव्या लागतात, थेट कलम बसवलं की ते जातंच जवळजवळ, त्याला प्रतिकारशक्तीवरची कुठलीच औषधं पुरेशी पडत नाहीत.

वडिलांच्या रोजच्या वागण्यात दोन गोष्टी बघा. डोळा चोळायचा नाही आणि झोपताना कवच लावायचं, कारण पूर्ण जाडीच्या कलमाची कड आयुष्यभर मूळ बुबुळाइतकी भक्कम होत नाही. उसात जायचंच असेल तर गॉगल लावून, पाला अंगावर येतो तिथे तर नाहीच. लसींचं विचारतात बरेच जण, फ्लू आणि कोविडच्या लसीनंतर रिजेक्शन झाल्याच्या काही केसेस नोंदल्या गेल्यात, पण त्यासाठी लस टाळायची गरज नाही, घ्यायच्या आधी कॉर्नियावाल्या डॉक्टरांना सांगा, ते काही दिवस थेंब वाढवतील आणि नंतर एकदा बघून घेतील. दुसऱ्या डोळ्याचं कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर घाई करू नये. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की एका बुबुळाच्या नसा कापल्या की दोन्ही डोळ्यांची ती सवलत कमी होते, आणि माणसांत दुसऱ्या डोळ्याच्या कलमानंतर पहिल्यात रिजेक्शन येताना आम्ही बघतोच.

भावाचं चित्र पुष्कळ बरं आहे. केराटोकोनसमध्ये सहसा रक्तवाहिन्या नसतात, आतला थर चांगला असतो, त्यामुळे डाल्क जमण्यासारखं असेल तर तेच करून घ्या, सर्जनला स्पष्ट विचारा की डाल्क होणार आहे की पूर्ण जाडीचं, आणि डाल्क करताना आतला पडदा फाटला तर काय करणार. डाल्कमध्ये स्टेरॉइडही लवकर बंद करता येतं. पण त्याआधी दोन गोष्टी. त्याला खरंच कलमाची वेळ आली आहे का, की सीथ्रीआर (औषध आणि किरणांनी बुबुळ घट्ट करणं) आणि स्क्लेरल लेन्सवर (मोठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स) भागेल, हे दुसऱ्या एखाद्या कॉर्निया सर्जनकडून तपासून घ्या. आणि त्याला डोळे चोळायची सवय असेल, केराटोकोनसवाल्यांना बहुतेक असतेच, तर अ‍ॅलर्जीची औषधं आत्तापासून सुरू करा. ऑपरेशननंतर तो चोळत राहिला तर टाके सैल पडणार आणि मग वर लिहिलंय ते सगळं त्याच्याही वाट्याला येणार. पुढच्या व्हिजिटला जाताना वडिलांच्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा, रिकाम्यासुद्धा, आणि आत्ता थेंब नक्की किती वेळा चाललाय ते कागदावर लिहून न्या.